विश्लेषण : खासगी जंगलांतील मेपल सिरपला अमेरिकी सरकारचे पाठबळ कशासाठी? त्याचा फायदा नेमका कोणाला?

मेपल सिरप म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो कॅनडा आणि त्याच्या झेंड्यावरचे लाल पान. मात्र शेजारच्या अमेरिकेतही हा उद्योग गेल्या दोन-अडीच दशकांत जवळपास पाचपट वाढला. तिथे मेपलची बहुतेक झाडे सरकारी जंगलात नाहीत, खासगी मालकांच्या जमिनीवर आहेत. या मालकांनी झाडांचा रस काढावा किंवा निदान इतरांना काढू द्यावा, यासाठी अमेरिकी संसदेने २०१४ मध्ये कायद्यात खास तरतूद केली. कागदावर वर्षाला दोन कोटी डॉलरपर्यंत खर्चाची मुभा असलेली ही योजना प्रत्यक्षात किती चालली, उत्पादन तिच्यामुळेच वाढले का आणि जमीनमालकाच्या पदरात काय पडले, याचा आढावा.

योजना नेमकी काय आहे?

योजनेचे नाव ‘एसर अॅक्सेस अँड डेव्हलपमेंट प्रोग्रॅम’. ‘एसर’ हे मेपलच्या वंशाचे शास्त्रीय नाव. फेब्रुवारी २०१४ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी स्वाक्षरी केलेल्या शेती कायद्यात ती समाविष्ट झाली. अमेरिकेत साधारण दर पाच वर्षांनी असा एक मोठा शेती कायदा केला जातो. पीक विम्यापासून गरिबांच्या अन्न मदतीपर्यंत सारे त्यात असते. मेपलची योजना हा त्या अवाढव्य कायद्यातला अगदी छोटा कोपरा.

या योजनेतून राज्य सरकारे, मूलनिवासींची आदिवासी शासने आणि संशोधन संस्था यांना अनुदान देता येते. कायद्याने त्यासाठी चार उद्देश सांगितले आहेत. मेपल सिरपविषयी संशोधन व शिक्षण, नैसर्गिक साधनसंपत्तीचे जतन आणि बाजारपेठेचा प्रसार हे पहिले तीन. चौथा उद्देश थेट जमिनीशी निगडित आहे. ज्यांच्या खासगी जमिनीवर मेपलची झाडे आहेत त्यांनी रस काढणे सुरू करावे किंवा वाढवावे, नाहीतर स्वेच्छेने भाडेपट्टा वा अन्य मार्गाने ती जमीन रस काढण्यासाठी लोकांना खुली करावी, यासाठी त्यांना प्रोत्साहन देणे. ‘स्वेच्छेने’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सरकार कोणाची जमीन घेत नाही आणि झाडांवर हक्कही सांगत नाही.

मेपल सिरप तयार कसे होते?

आपल्याकडे उसाचा रस कढईत आटवला की गुळाआधी काकवी मिळते. मेपल सिरपचे तत्त्व तेच आहे. फरक इतकाच, की इथे उसाच्या जागी झाड आहे आणि रस फार पातळ आहे.

‘शुगर मेपल’ जातीच्या झाडाच्या रसात साखरेचे प्रमाण साधारण दोन टक्के असते. सिरपमध्ये ते सुमारे ६६ टक्क्यांपर्यंत न्यावे लागते. या व्यवसायात त्यासाठी एक सोपे सूत्र वापरतात. रसातील साखरेच्या टक्क्यांनी ८६ ला भागायचे. दोन टक्के साखर असेल, तर एक लिटर सिरपसाठी ४३ लिटर रस लागतो. उरलेल्या ४२ लिटर पाण्याची वाफ करण्यासाठी लाकूड किंवा तेल जाळावे लागते.

रस वर्षभर मिळत नाही. रात्री पारा शून्य अंश सेल्सियसच्या खाली आणि दिवसा वर, असे हवामान असेल तेव्हाच तो वाहतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंतचे चार ते सहा आठवडे एवढाच हंगाम. झाडाच्या खोडात सुमारे आठ मिलिमीटर व्यासाचे उथळ छिद्र पाडून तोटी बसवतात. या उद्योगाची मोजदाद झाडांवर होत नाही, तोट्यांवर होते. कोणाकडे किती झाडे आहेत यापेक्षा किती तोट्या आहेत हे विचारले जाते. खोडाचा व्यास किमान २५ ते ३० सेंटिमीटर झाल्याशिवाय तोटी लावत नाहीत आणि तेवढे होण्यासाठी झाडाला साधारण ४० वर्षे लागतात.

पूर्वी प्रत्येक तोटीखाली बादली टांगलेली असे. आता व्यावसायिक राईत प्लास्टिक नळ्यांचे जाळे असते आणि निर्वात पंप रस ओढून घेतात. दुसरे मोठे यंत्र म्हणजे आरओ. घरातल्या पाण्याच्या फिल्टरमध्ये जे तंत्र असते तेच, फक्त उलट हेतूने. घरी शुद्ध पाणी ठेवून क्षारयुक्त पाणी सोडून देतात. इथे पाणी सोडून देतात आणि साखरेचा घट्ट रस ठेवतात. आरओने रस दोनऐवजी आठ टक्क्यांवर नेला, तर ८६ भागिले ८, म्हणजे साधारण ११ लिटर रसातच एक लिटर सिरप होते. जिथे ४२ लिटर पाणी उकळून उडवायचे तिथे दहा लिटर उरते. इंधनाचा खर्च एका यंत्राने इतका खाली येतो.

सारा भर खासगी जमिनीवरच का?

कारण झाडे तिथेच आहेत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत जंगलांचा मोठा भाग केंद्र सरकारच्या मालकीचा आहे. ईशान्येकडचे चित्र उलटे. व्हरमाँट हे अमेरिकेतले सर्वांत मोठे मेपल राज्य. त्याचा सुमारे तीन चतुर्थांश भूभाग जंगलाखाली आहे आणि त्यातले साधारण ८० टक्के जंगल खासगी मालकीचे आहे. हे मालक सगळे शेतकरी नाहीत. वारशाने जमीन मिळालेली कुटुंबे, सुट्टीसाठी घर घेतलेले शहरी लोक, लाकूड कंपन्या असे नाना प्रकार त्यात आहेत.

योजनेचे मुख्य पुरस्कर्ते न्यूयॉर्कचे सिनेटर चक शूमर यांचा युक्तिवाद यावरच उभा होता. न्यूयॉर्क राज्यात रस काढण्याजोगी सुमारे २८ कोटी मेपलची झाडे आहेत, व्हरमाँटमध्ये दहा कोटींच्या आसपास. तरीही न्यूयॉर्क आपल्या झाडांपैकी एक टक्काही वापरत नाही आणि व्हरमाँट सुमारे तीन टक्के वापरतो, असे ते सांगत. २०२४ च्या हंगामात व्हरमाँटने ३१ लाख गॅलन सिरप काढले, न्यूयॉर्कने साडेआठ लाखांच्या आसपास. एक गॅलन म्हणजे ३.७८ लिटर. देशाचे एकूण उत्पादन ५८ लाख ६० हजार गॅलन होते. म्हणजे निम्म्याहून अधिक सिरप एकट्या छोट्याशा व्हरमाँटमधून आले.

झाडे भरपूर, पण मालक ती वापरत नाहीत. मग मालकांना थोडे प्रोत्साहन दिले की उत्पादन वाढेल आणि कॅनडावरचे अवलंबित्व कमी होईल, असा हा सरळ हिशेब होता.

जमीनमालकाचे गणित काय?

प्रत्यक्षात हा हिशेब इतका सरळ नाही. मेपलची राई असलेल्या मालकापुढे ढोबळमानाने चार पर्याय असतात. स्वतः सिरप काढणे, शेजारच्या उत्पादकाला झाडे भाड्याने देणे, लाकूड विकणे किंवा जमीनच विकून टाकणे.

समजा, कोणाकडे १०० एकर राई आहे आणि एकरी ६० तोट्या बसतात. म्हणजे सहा हजार तोट्या. ईशान्येकडील कृषी विस्तार सल्ल्यात भाड्याचा दर अनेक वर्षे तोटीमागे वर्षाला अर्धा ते एक डॉलर असा सांगितला जातो. त्या दराने मालकाला वर्षाला तीन ते सहा हजार डॉलर मिळतात. हात न लावता मिळणारे उत्पन्न म्हणून ते ठीक आहे, पण १०० एकरांच्या मालमत्ता कराचे बिल समोर असेल, तर त्यात फार काही उरेलच असे नाही.

स्वतः सिरप काढायचे ठरवले तर? अमेरिकेत एका तोटीमागे सरासरी सुमारे एक तृतीयांश गॅलन, म्हणजे साधारण सव्वा लिटर सिरप मिळते. वजनात ते पावणेचार पाउंडांच्या आसपास भरते. घाऊक भाव पाउंडाला २.२० डॉलर धरला, तर एका तोटीचे ढोबळ उत्पन्न आठ डॉलर आणि सहा हजार तोट्यांचे ४८ हजार डॉलर. यातून नळ्या, पंप, आरओ, आटवण्याची भट्टी, इंधन आणि मजुरी वजा करायची. हाच भाव पाउंडामागे २० सेंटने घसरला, तर सुमारे ४,४०० डॉलर हातचे जातात. भाड्याने देऊन जे मिळाले असते त्यातला मोठा भाग एका भावघसरणीत संपला.

लाकडाचा प्रश्नही आहे. शुगर मेपलचे लाकूड फर्निचर आणि लाकडी जमिनींसाठी महाग विकले जाते. तोटीच्या छिद्राभोवती लाकडावर कायमचा डाग राहतो. खोडाचा सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे बुंधा आणि छिद्रे पडतात ती नेमकी तिथेच. त्यामुळे एकदा रस काढायला सुरुवात केली, की उंची लाकूड म्हणून त्या झाडाची किंमत उतरते. हा निर्णय एका हंगामाचा नसतो.

शिवाय परक्या माणसाला आपल्या जंगलात येऊ द्यायचे, तर तो पडला, झडला, आग लागली तर जबाबदारी कोणाची, ही धास्ती असतेच. भाडेकरारात विमा, रस्ता, नळ्या काढून नेणे, कमीत कमी किती जाडीच्या झाडाला छिद्र पाडायचे, अशा अटी घालाव्या लागतात. कायद्यातील ‘जमीन खुली करा’ या तीन शब्दांमागे एवढे काम दडलेले आहे.

सरकारचा पैसा प्रत्यक्षात कुठे गेला?

२०१४ च्या कायद्याने वर्षाला दोन कोटी डॉलरपर्यंत खर्चाला परवानगी दिली. मात्र अमेरिकी व्यवस्थेत परवानगी आणि पैसा या दोन वेगळ्या गोष्टी असतात. कायदा मर्यादा ठरवतो आणि प्रत्यक्ष निधी संसद दरवर्षी वेगळ्या विधेयकातून देते. पहिली तीन वर्षे या योजनेला काहीच मिळाले नाही. २०१७ मध्ये पहिल्यांदा दहा लाख डॉलर मंजूर झाले. नंतर ही रक्कम वाढत गेली, पण दोन कोटींच्या जवळपासही पोहोचली नाही.

हा निधी जमीनमालकाच्या खात्यात जात नाही. कृषी विभागाची पणन शाखा तो राज्यांच्या कृषी खात्यांना, आदिवासी शासनांना आणि विद्यापीठांना स्पर्धात्मक पद्धतीने देते. त्यांचे बहुतेक प्रकल्प दोन धाटणीचे असतात. एक, उत्पादक आणि जमीनमालकांचे प्रशिक्षण. दोन, बाजारपेठेचा विकास आणि प्रचार. मालकापर्यंत पोहोचते ती माहिती. राईची पाहणी कशी करावी, भाडेकरार कसा लिहावा, स्वच्छता कशी राखावी, विक्री कुठे करावी, ही ती माहिती. नळी किंवा आरओ घ्यायला या योजनेतून पैसे मिळत नाहीत.

ते मिळतात इतर खिडक्यांवर. ग्रामीण भागातील ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्रीय योजनेतून आरओ किंवा कमी इंधन खाणाऱ्या भट्टीला अर्थसाह्य मिळू शकते. मृद व जलसंधारणाच्या योजनांतून राईची विरळणी, तिची निगा आणि ऊर्जाबचतीची यंत्रे यांचा काही खर्च सरकार उचलते. विमा न मिळणाऱ्या पिकांसाठीच्या आपत्ती मदत योजनेत मेपलचा रसही मोडतो. या योजना मेपलसाठी म्हणून आखलेल्या नाहीत, पण ज्याच्या हातात पान्हा आणि डोक्यावर कर्ज आहे त्याच्या दृष्टीने त्यांचा उपयोग अधिक थेट आहे.

आणि सर्वांत मोठा आधार केंद्राकडून येतच नाही. तो राज्याच्या करसवलतीचा आहे. व्हरमाँटमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून एक पद्धत आहे. जंगल किंवा शेतजमिनीवर बाजारभावाने कर लावायचा नाही, तिचा आज जो वापर आहे त्याच्या मूल्यावर लावायचा. जंगलासाठी साधारण किमान २५ एकर जमीन आणि मान्यताप्राप्त व्यवस्थापन आराखडा लागतो. मेपलच्या राईसाठी स्वतंत्र निकष आहेत. जमीन या योजनेत टाकून नंतर तिथे घरे बांधली, तर दंडवजा कर भरावा लागतो. राज्याची एक तृतीयांशाहून अधिक जमीन या योजनेत आहे. सर्व प्रकारच्या शेती व जंगलाची मिळून ही करसवलत वर्षाला काही कोटी डॉलरची होते. न्यूयॉर्कमध्येही शेतीसाठीच्या कर आकारणीत मेपलच्या रसाला पीक मानले जाते. डोंगरउतारावरची जमीन बंगल्यांसाठी विकायची की राई म्हणून राखायची, याचा निर्णय बहुतेकदा या कराच्या बिलावर होतो.

मग उत्पादन या योजनेमुळेच वाढले का?

आकडे तसे सांगत नाहीत. २००० च्या सुमारास अमेरिकेचे उत्पादन वर्षाला साधारण सव्वाबारा लाख गॅलन होते. २०१६ मध्ये ते ४२ लाखांवर पोहोचले. योजनेचा पहिला डॉलर खर्च झाला तो त्यानंतर, २०१७ मध्ये. म्हणजे तिपटीहून अधिक वाढ आधीच झाली होती. पुढच्या वाढीतही हवामानाचा हात मोठा आहे. २०२३ चा हंगाम बिघडला तेव्हा उत्पादन ४१ लाख ८० हजार गॅलनपर्यंत खाली आले आणि २०२४ मध्ये ते ४० टक्क्यांनी उसळले. एका वर्षात झाडेही वाढली नाहीत आणि अनुदानही तेवढे वाढले नाही. थंडी आणि ऊन यांचा मेळ जमला.

मूळ वाढीमागे तंत्रज्ञान होते. निर्वात पंप, नळ्यांचे जाळे आणि आरओ यांनी एका कुटुंबाला हजारो तोट्या सांभाळणे शक्य केले. यातही सरकारी पैशाचा वाटा आहे, पण तो जुना आणि संथ आहे. व्हरमाँट विद्यापीठाचे प्रॉक्टर मेपल संशोधन केंद्र १९४६ पासून अंडरहिल गावी काम करते. छोट्या व्यासाच्या तोट्या, रस उलटा झाडात जाऊन छिद्र लवकर बंद पडू नये म्हणून तोटीत बसवलेली झडप, निर्वात दाबाचा झाडावर होणारा परिणाम, असे प्रश्न तिथे वर्षानुवर्षे तपासले गेले. एका झडपेने तोटीमागे मिळणारा रस वाढतो आणि तो लाभ प्रत्येक राईला मिळतो, मग ती दहा तोट्यांची असो वा लाखाची.

क्युबेकचा यात काय संबंध?

दुसरे मोठे कारण सीमेपलीकडे आहे. जगातले सुमारे ७० टक्के मेपल सिरप एकट्या क्युबेक प्रांतात तयार होते. तिथली पद्धत अमेरिकेच्या अगदी उलट आहे. पिंपांतून जाणारे घाऊक सिरप उत्पादकांच्या संघटनेमार्फतच विकावे लागते. २००४ पासून प्रत्येक उत्पादकाला कोटा ठरवून दिला जातो. चांगल्या हंगामातले जास्तीचे सिरप संघटनेच्या राखीव साठ्यात जाते आणि वाईट हंगामात बाहेर येते. या साठ्यातून सुमारे तीन हजार टन सिरप चोरीला गेल्याचे २०१२ मध्ये उघड झाले आणि जगाला त्याची ओळख झाली. त्याची किंमत जवळपास एक कोटी ८० लाख कॅनडियन डॉलर होती.

कोट्यामुळे क्युबेकने स्वतःचे उत्पादन आवरले आणि भाव स्थिर ठेवले. त्या स्थिर भावाच्या छत्रीखाली अमेरिकी उत्पादक मात्र कोणत्याही कोट्याशिवाय तोट्या वाढवत राहिले. अमेरिकेतला घाऊक भावही प्रत्यक्षात क्युबेकचा दर आणि दोन्ही डॉलरचा विनिमय दर पाहूनच ठरतो. म्हणजे व्हरमाँटच्या उत्पादकाला खरा आधार मिळाला तो शेजाऱ्याच्या शिस्तीचा.

हा आधार कायमचा नाही. २०२१ मध्ये हंगाम कमी आणि मागणी जास्त झाल्याने संघटनेने साठ्यातून सुमारे २२ हजार ७०० टन सिरप बाजारात आणण्याचा निर्णय घेतला. २०२३ मध्ये क्युबेकचे पीक ५६ हजार टनांवर घसरले. २०२४ च्या सुरुवातीला साठा जेमतेम तीन हजार टनांवर आला. एकेकाळी जेवढे सिरप चोरीला गेले होते, जवळपास तेवढेच साठ्यात उरले. मग त्याच वर्षी क्युबेकने एक लाख आठ हजार टनांचे विक्रमी पीक घेतले. त्याच मापात अमेरिकेचे २०२४ चे पीक सुमारे २९ हजार टन होते. क्युबेकने नव्या तोट्यांना दिलेली परवानगी फळाला आली आणि सलग दोन-तीन हंगाम चांगले गेले, तर भावावर ताण येईल. त्याची झळ सर्वांत आधी पिंपाने विकणाऱ्या अमेरिकी उत्पादकाला बसेल.

यापूर्वी असा प्रयोग झाला होता का?

झाला होता आणि तो आजच्यापेक्षा धाडसी होता. १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्याने आयात साखरेवरचा कर जवळपास काढून टाकला आणि देशी साखर उत्पादकांना पाउंडामागे दोन सेंटपर्यंत बक्षिसी जाहीर केली. ऊस आणि बीटच्या साखरेबरोबर मेपलच्या साखरेलाही ती लागू होती. तेव्हा सिरपपेक्षा साखरच जास्त केली जात असे. बक्षिसीसाठी परवाना, तपासणी आणि किमान उत्पादनाची अट होती. ही सवलत १९०५ पर्यंत चालायची होती, पण सत्तेची समीकरणे बदलली आणि १८९४ मध्येच ती रद्द झाली.

त्या वेळी पैसा थेट उत्पादकाला आणि उत्पादनाच्या प्रमाणात मिळत होता. आताच्या योजनेत तो संस्थांना आणि प्रकल्पाच्या प्रमाणात मिळतो. थेट मदत डोळ्यांवर येते आणि पटकन बंदही होते. संशोधन व प्रशिक्षणाची मदत कोणाच्या डोळ्यांवर येत नाही, पण ती बंद पडली तरी कोणाच्या लक्षात येत नाही.

आक्षेप काय आहेत?

पहिला आक्षेप खर्चकपातीचा आग्रह धरणाऱ्यांचा. पॅनकेकवरच्या सिरपसाठी करदात्यांचा पैसा का, हा त्यांचा प्रश्न. मेपल ही काही मोजक्या राज्यांची मतपेटी सांभाळणारी तरतूद आहे, असे ते म्हणतात.

दुसरा आक्षेप उद्योगाच्या आतून येतो. उत्पादन वाढवणे हेच उद्दिष्ट ठेवले, तर लाभ मोठ्यांनाच होईल, अशी लहान उत्पादकांची भीती आहे. व्हरमाँटच्या ईशान्य भागात बाहेरच्या गुंतवणूकदारांच्या भांडवलावर लाखो तोट्यांच्या राया उभ्या राहिल्या. नव्या तोट्यांचे सिरप अखेर त्याच पिंपांच्या बाजारात येते. मग सरकारने तोट्या वाढवाव्यात की ग्राहक? अलीकडच्या प्रकल्पांत बाजारविकासाला महत्त्व आले ते याच कारणाने.

तिसरा प्रश्न जंगलाचा. भरपूर रसासाठी राईत फक्त मेपल ठेवून बाकीची झाडे काढली, तर पक्षी कमी होतात आणि एखादी कीड आली की सारी राई एकदम संकटात सापडते. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील वूस्टर भागात लांब शिंगांचा आशियाई भुंगा सापडला. तो मेपलचे खोड आतून पोखरतो. त्याला रोखण्यासाठी सरकारी यंत्रणांनी तीस हजारांहून अधिक झाडे तोडली आणि त्यातली बरीच खासगी अंगणांतली होती. म्हणून व्हरमाँटमध्ये ऑडुबॉन या पक्षीसंवर्धन संस्थेने मिश्र जंगल राखणाऱ्या उत्पादकांसाठी पक्षीस्नेही मेपलचा उपक्रम सुरू केला.

सर्वांत मोठे अनिश्चित पारडे हवामानाचे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानुसार शतकाअखेरीस रसाचा हंगाम सुमारे एक महिना अलीकडे सरकेल आणि सर्वाधिक रसाचा पट्टा जवळपास ४०० किलोमीटर उत्तरेकडे जाईल. म्हणजे अमेरिकेतला वाटा घटेल आणि क्युबेकचा वाढेल. आज रोवलेले रोप रस देण्याजोगे होईल तोपर्यंत चार दशके गेलेली असतील. जमीनमालकाला आपल्या मुलांच्या काळातील थंडीवर पैज लावायची आहे.

पुढे काय?

ही योजना २०१८ च्या शेती कायद्याने २०२३ पर्यंत वाढवली. त्यानंतर वेळेवर नवा कायदा झाला नाही आणि जुन्यालाच एकामागून एक मुदतवाढ मिळत गेली. अशा काळात पीक विम्यासारख्या मोठ्या योजना तरून जातात. एसरसारख्या छोट्या योजनांचे भवितव्य मात्र दर वर्षीच्या निधी विधेयकातील एका ओळीवर लटकते. त्यात २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कॅनडाच्या मालावर आणि पोलाद-अॅल्युमिनियमवर आयातशुल्क लादले. दोन्ही देशांतील व्यापार कराराच्या नियमांत बसणाऱ्या मालाला त्यातून सूट मिळाली, पण पोलादावरचे शुल्क कायम राहिले. मेपल उद्योगाच्या भट्ट्या आणि टाक्या स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि बरीच यंत्रे कॅनडातून येतात. म्हणजे एका खात्याने उत्पादन वाढवायला अनुदान द्यायचे आणि दुसऱ्याने यंत्रे महाग करायची, असा पेच आहे.

दशकभराच्या अनुभवातून एवढे मात्र स्पष्ट होते. खासगी जंगल केवळ अनुदानाच्या घोषणेने ‘खुले’ होत नाही. मालक आधी कराचे बिल पाहतो, मग भाव, मग शेजारच्या उत्पादकावरचा विश्वास. सरकारने या तिन्हींना हात घातला तिथे राया टिकल्या. नुसते तोट्या मोजण्यावर लक्ष ठेवले तर सिरप वाढेल, पण भाव पडेल आणि सर्वांत आधी लहान मालक बाहेर पडेल. त्याने एकदा मेपल तोडून लाकूड विकले किंवा जमीन बंगल्यांसाठी दिली, की ती राई पुढची ४० वर्षे कोणत्याही अनुदानाने परत उभी राहत नाही.